पाण्याचा आकडा

दुपारची भरती चढत होती आणि तिच्याबरोबर मृणालीच्या फोनवरचा आकडा चढत होता. एकशे दहा सेंटिमीटर. एकशे अकरा.

ती पेणजवळच्या खारबांधावर पाय सोडून बसली होती. बांधातल्या उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या-अडवायच्या दाराच्या, खांबावरचं यंत्र खाडीचं पाणी मोजून सर्व्हरला कळवायचं. सर्व्हर आणि फोन यांच्यात बोलणं कसं ठेवायचं, एवढंच ठरवायचं उरलं होतं.

"एकदा जोडायचं आणि लाइन उघडी ठेवायची," सोबतचा निकेश म्हणाला. "फोनने काही विचारायलाच नको. पाणी हललं की आकडा आपोआप हलेल."

हलत होताच. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा, हळूहळू वर. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला पोटरीतलं भात. वारा दोन्हींवर सारख्याच लाटा उठवत होता. बांध जागेवर आहे की आपल्याला घेऊन निघालाय, हे मृणालीला कळेना. आकडा एकशे चाळीसवर थांबला. भरती संपली, असं वाटून तिने डोळे मिटले.

"आकडा थांबलाय गो तुझा. पानी नाय थांबला."

मागे ठमाबाई उभी होती. वीस वर्षं ही उघाडी तीच राखत होती. लेक रोह्याला, दिवस भरलेली. फोनवर पाणी दिसलं तरच ठमाबाईला तिच्याकडे जाता येणार होतं.

मृणालीच्या टाचा भिजल्या होत्या. रेंज कधीच गेली होती, आणि फोन शेवटचाच आकडा धरून स्वस्थ बसला होता. पाणी एकशे पन्नासला पोचलं की उघाडीची फळी टाकून ते अडवायचं होतं. तिघांनी धावत जाऊन ती टाकली, तोवर कडेच्या खाचरात खारं पाणी शिरलं होतं. खाचर ठमाबाईचंच.

संध्याकाळी मृणालीने सगळं बदललं. फोनने दर अर्ध्या मिनिटाला विचारायचं. उत्तर आलं नाही, किंवा शिळं आलं, तर पडद्यावर 'माहीत नाही' असं लिहून येईल.

"बॅटरी खाईल," निकेश म्हणाला. "उघडी लाइनही जिवंत आहे का, ते तपासता येतं."

"येतं. पण ठमाबाईंना मी काय सांगू? विचारलं, उत्तर नाही आलं. एवढं कुणालाही कळतं."

ठमाबाई रोह्याला गेली. पाणी चढलं की शेजारच्या शिवाला फोन करून ती फळी टाकायला लावायची. चौथ्या दिवशी दुपारी तिचा फोन मृणालीला आला.

"फोन म्हनतो, माहीत नाय. शिवा निडीला गेलाय. तू जाऊन बघ गो."

मृणाली स्कूटरवरून बांधावर पोचली तेव्हा वारा पडला होता. खाडीत आभाळ उतरलं होतं, काठोकाठ, हलत नव्हतं. यंत्राची वायर तुटून लोंबत होती. ती खांबाशी वाकली, शेवाळ पुसून रेघा मोजल्या, रेंज येताच फोन लावला.

"एकशे सदतीस, मावशी."

पलीकडे नुसतं एक तान्हं बाळ रडत होतं.