पुलाखालचं फाटक

"चुकलं म्हण. एवढं बोल, मंग जा कुठी जायचं तं," शालिकराम म्हणला.

महागू फाटकवाला खोलीसमोर बसून झेंड्या गुंडाळून राह्यलता. त्यानं मान वर केली नाही. बाजूले ट्रंक अन् वळकटी. त्याची बदली झालती, दुपारच्या गाडीनं जायचं होतं.

वरच्या नव्या पुलावरून मँगनीजचे ट्रक चाललते. माल स्टेशनात चढते, तिथून बंदरावर जाते. तिकडं जहाज खोळंबते, म्हणून इकडं ट्रक फाटकात अडकाले नको, असं साहेबलोकाइचं म्हणणं. कालपासून फाटकाले कायमचं कुलूप होतं.

"माह्यी माय अशाच ट्रकमधी होती," शालिक म्हणला. "दुसऱ्या बाळंतपणात अडलती. दवाखाना पलीकडं दिसून राह्यलता. तुनं फाटक नाही उघडलं."

"सिग्नल पडलता."

"मालगाडी येतवरी माय गेली."

"हौ."

त्या हौचाच शालिकले राग येत होता. मिसरूड फुटाच्या आधीपासून तो या माणसाले शिव्या देत आलता. एकदा तं गोटा मारून कपाळ फोडलं. महागू डोक्याले फडकं बांधून पुन्हा फाटकावर उभा. ना तक्रार, ना उलटून एक शब्द.

शालिकचा बाप प्रेमलाल तवा रेल्वेतच होता. बायको गेली अन् त्यानं नोकरी सोडली, शिलाई मशीन घेतली. फाटकाच्या रस्त्यानं पुन्हा कधी आला नाही. शालिकनं महागूचं नाव काढलं का म्हणे, "जाऊ दे न बेटा त्याले." देवमाणूस. आता दम्यानं खाटेवर पडलता, डॉक्टरनं हात टेकलते.

"बाप आज-उद्याचा सोबती हाय," शालिक म्हणला. "चाल घरी. त्याच्यासमोर माफी माग."

"घरी नाही येत."

"काहून? डरतं का?"

"हौ. डरतो."

"मंग इथंच बोल. मी हाय न समोर."

महागूनं झेंड्या खाली ठेवल्या. हात जोडले.

"चुकलं बेटा. फाटक उघडा लागत होतं."

शालिक तसाच उभा राह्यला. हे आइकलं का छाती हलकी होईन असं त्याले वाटे. काईच झालं नाही. वरून एक ट्रक गेला, लाल धूळ दोघाइच्या डोक्यावर पडली. कोणी झटकली नाही.

"बापाले सांगतो," तो म्हणला.

"काय सांगशीन?"

"तुनं कबूल केलं म्हणून."

महागूनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाह्यलं.

"सांग," तो म्हणला. "लवकर जा. त्याले आइकू येते तवरी सांग."

शालिक रूळ ओलांडून गेला. दिसेनासा झाला तशी खोलीतून गोदाबाई बाहेर आली, महागूची बायको. तिनं ट्रंक उचलली नाही.

"त्या दिवशी तुमी लामत्याले होते, माह्या बापाच्या घरी," ती म्हणली. "तुमच्या जागी फाटकावर ड्युटी प्रेमलालची होती."

"हौ," महागू म्हणला. "उचल ते वळकटी. गाडी यिऊन राह्यली, आता निघा लागते."