रिकामा काटा

वजनं आधीच पारड्यात ठेवलेली होती. ते पाहिलं आणि म्हाताऱ्या मापाड्याच्या कपाळाला आठी पडली. चाळीस वर्षांत त्याच्या काट्याला दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता. सख्खी बायकोसुद्धा तिथला केर काढायची तो चार हात लांबून. काल न्यायाधीशांचा शिपाई साफसफाईच्या नावाखाली वखारीची किल्ली घेऊन गेला होता, आणि कोळिष्टकं होती तिथेच लोंबत होती.

"सगळी तयारी आम्ही केली आहे," न्यायाधीश म्हणाले. "तू फक्त दांडी धर आणि वजन पुकार. पारड्यात एक मण आहे. चेटकीण हवेत उडते, म्हणजे तिच्या अंगात वजन नसतं. मणाच्या खाली भरली तर दुपारी जाळायची. वर भरली तर घरी जाईल."

वखारीत मुंगी शिरायला जागा नव्हती. ज्याच्या तीन गाई आटल्या होत्या तो गवळी सगळ्यांच्या पुढे. हा गाईंना पोटभर चारा घालत नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण गाईची साक्ष काढतो कोण?

दोघा शिपायांनी सूतवाल्या म्हातारीला आत आणलं. डोकं भादरलेलं, अंगात एक पातळ झगा, पाय अनवाणी. सहा दिवस तिला झोपू दिलं नव्हतं. मापाड्यानं तिला नजरेनंच तोललं, सवयच ती. मणावर पाच शेर.

या बाईनं वीस वर्षं त्याचं डोकं खाल्लं होतं. दर बाजारी सुताचं गाठोडं घेऊन यायची, कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "आधी रिकामा काटा दाखव." दांडी सरळ असली तरी वर आणखी, "पुन्हा दाखव. तुझा काय भरवसा, मेल्या!" लोक फिदीफिदी हसायचे. घरी जेवताना तो बायकोला म्हणायचा, "एक दिवस या बाईलाच तोलतो बघ, जिभेसकट."

तो दिवस असा उजाडेल असं त्याला कुठे वाटलं होतं?

म्हातारी पारड्यात चढली. मापाडी थांबला. आता ती म्हणेल, मग म्हणेल. पण ती आपल्या पावलांकडे बघत उभी राहिली.

सकाळी बायकोनं हात धरून बजावलं होतं, "अहो, नाकासमोर जा आणि नाकासमोर घरी या. तिच्या बाजूनं बोलेल त्यालाही तीच लाकडं." भीती त्याला वाटत होती, खोटं कशाला बोला. तळहात घामानं निथळत होते. पण चाळीस वर्षांची खोड घामानं थोडीच धुतली जाते?

"खाली उतर," तो म्हातारीला म्हणाला.

"काय झालं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"रिकामा काटा दाखवायचा राहिला, साहेब."

"त्याची गरज नाही."

"माझ्याकडे बटाट्याचं पोतं आलं तरी आधी रिकामा काटा दाखवतो. हे तर माणूस आहे."

"अरे, उगाच फाटे फोडू नकोस!" गवळी ओरडला.

मापाड्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दहा-दहा शेरांची चार वजनं एकेक करून त्यानं खाली उतरवली. गुडघे कुरकुरले. दोन्ही पारडी रिकामी झाली. वजनांचं पारडं मात्र खालचं वर यायला तयार नव्हतं. तिथेच बसून राहिलं, फुगून.

मापाडी वाकला. पारड्याच्या बुडाशी त्यानं हात फिरवला, तार उलगडली आणि शिशाची एक लगड बाहेर काढली.

"सात शेर," तो न तोलताच म्हणाला आणि ती न्यायाधीशांच्या मेजावर नेऊन ठेवली. "ही कुणाची आहे?"

किल्ली नेणारा शिपाई छताचे वासे मोजू लागला.

दांडी आता सरळ झाली होती. मापाडी म्हातारीकडे वळला. "दिसलं? की पुन्हा दाखवू?"

तिनं मान वर केली. ओठ कोरडे पडले होते, आवाज चिरका निघाला. "पुन्हा दाखव."

त्यानं पुन्हा दाखवलं. मग चारही वजनं चढवली आणि तिला हात देऊन पारड्यात उभं केलं. तिचं पारडं खाली गेलं. त्यानं समोर आणखी पाच शेर टाकले तेव्हा कुठे दांडी जागेवर आली. बाजारच्या दिवशी लावायचा तो खणखणीत आवाज लावून त्यानं पुकारलं, "मणावर पाच शेर! बाई बाईएवढीच भरली!"

गर्दीत कुजबुज सुरू झाली. गवळी हळूच खांबाआड सरकला. कुणीतरी आपली शाल पुढे केली, ती म्हातारीनं खांद्यावर ओढून घेतली आणि खाली उतरली.

न्यायाधीशांचा चेहरा लालबुंद झाला होता. "हिची तळी उचलतोस? मग तुझ्याही अंगात काही आहे का ते बघू. चढ पारड्यात. दांडी शिपाई धरेल."

ज्यानं किल्ली नेली होती तोच शिपाई पुढे आला. मापाड्यानं शिपायाच्या हाताकडे पाहिलं, मग दाराकडे. मग त्यानं जोडे काढले, टोपी काढून जोड्यांवर ठेवली आणि एक पाय उचलला.

"थांब रे," मागून आवाज आला.

म्हातारी चालत मेजापाशी आली. दोन्ही हात कमरेवर गेले होते. ती मापाड्याकडे बघत नव्हती. ती न्यायाधीशांकडे बघत होती.

"आधी रिकामा काटा दाखव."