पूर्वरंगातला हार

रामनवमीच्या कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवांना हार घालायची रीत. तान्हाआजी हार घेऊन पुढे आली, तेव्हा मोरेश्वरबुवा सांगत होते, "मायबापहो, गावच्या शाळेचा पट वाढला नाही तर कुलूप लागेल. पोरं तिथंच घाला!"

"अन् तुमची नात पिवळ्या बसनं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाते ती, बुवा?" आजी म्हणाली. मांडव हसला.

बुवांच्या हातातल्या चिपळ्या थांबल्या. म्हातारी खोटं बोलत नव्हती. त्यांनी मान वाकवलीच नाही. "हार राहू दे, आजी. तो मान अजून माझा नाही." उत्तररंग त्यांनी हाराविनाच रंगवला.

दुसऱ्या दिवशी नातीचं बोट धरून बुवा गावच्या शाळेत आले, तर आजी आधीच पायरीवर. तिचीही दोन बसवाली नातवंडं सोबत, हातात तोच हार.

"वाका, बुवा. आता घालते."