मागचं वर्तुळ

महासाथीत माणसाची खरी किंमत कळते, असं निवृत्त स्टेशनमास्तरांचं ठाम मत होतं. त्या सकाळी त्यांची स्वतःची किंमत साखरेच्या एका पुड्याएवढी होती, आणि तो पुडा मिळेलच याची खात्री नव्हती.

किराणा दुकानापुढे चुन्याची वर्तुळं आखली होती. एका वर्तुळात एक माणूस. एका घरातलं एकच माणूस. एका माणसाला एकच पुडा. एवढी एकी त्या गल्लीत पूर्वी कधी दिसली नव्हती.

लोकांना फलाटावर ताटकळत ठेवण्यात मास्तरांची हयात गेली होती. आता त्यांना स्वतःला ताटकळावं लागत होतं, आणि नवल म्हणजे त्यांना ते आवडत होतं. कारण पुढच्या वर्तुळात निळ्या छत्रीच्या बाई उभ्या होत्या.

बाई रोज यायच्या आणि मास्तर रोज त्यांच्या मागचं वर्तुळ पकडायचे. त्यासाठी ते कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाआड दबा धरून बसायचे. बाई रांगेला लागल्या रे लागल्या की दुसरं कुणी घुसायच्या आत जाऊन पोचायचे. एरवी जिना चढताना तीनदा देवाचं नाव घेणाऱ्या गुडघ्यांकडून ही चपळाई वाखाणण्याजोगी होती.

"आज अंडी आलीत म्हणतात," मास्तर मास्कमधून म्हणाले.

"म्हणणारे काय, काहीही म्हणतात," बाई मागे न बघता म्हणाल्या. "अंड्यांनी काही म्हटलेलं नाही."

मास्तर इतके हसले की त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली.

"एवढं काय हसायचं त्यात?"

"बऱ्याच दिवसांत कुणी माझ्याशी धड बोललं नाही हो. घरात माणसं आहेत, पण सगळी पडद्यांपुढे. मुलगा ऑफिसशी बोलतो, नात शाळेशी बोलते. माझ्या वाट्याला 'बाबा, जरा हळू' एवढंच येतं."

"आणि मंडळी?"

"आहे." मास्तरांनी चष्मा पुसला. "पण आमचं बोलणं होत नाही."

बाईंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"तुमचे यजमान?" मास्तरांनी विचारलं.

"त्यांना ऐकू येत नाही. म्हणजे जगाचं सगळं येतं, मी बोलले की येत नाही."

"अरेरे. वाईट वाटलं ऐकून."

"त्यांना नाही वाटत."

मास्कची दोरी ओढली गेल्यामुळे बाईंच्या कानामागची पांढरी बट सुटून मानेवर आली होती. ती नीट करावी म्हणून मास्तरांचा हात आपोआप पुढे झाला. मध्ये पुरता माणूसभर रस्ता होता. हात निमूटपणे खिशात परतला.

तेवढ्यात शिट्टी वाजली. रांगेवर देखरेख करणारा स्वयंसेवक ओरडला, "ओ काका, वर्तुळात! साखर घ्यायला आलात की सोयरीक जमवायला?"

"साखरच," मास्तर मागे सरकत म्हणाले. "सोयरीक फार महाग झालीय. आणि शिट्टी पोटातून वाजव रे, गालातून नको. अशा शिट्टीवर माझी मालगाडीसुद्धा हलली नसती."

रांगेत हशा पिकला. बाईंचे खांदे हलताना मागून दिसले. मास्तरांना तेवढ्यावर दिवस काढता आला असता.

पण दुकानदार स्टुलावर चढला आणि त्याने दोन्ही हात उंचावले. "मंडळी, खूशखबर! मालाचा ट्रक निघालाय. उद्यापासून साखर, पीठ, साबण, सगळं भरपूर. शिवाय घरपोच! रांग बंद!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी रिकामी पिशवी हवेत फिरवली. मास्तर मात्र आपलंच माणूस गाडीत बसून गेल्यासारखे उभे राहिले.

"पोचेल का पण वेळेवर?" त्यांनी आशेने विचारलं. "नाही, टायर-बियर फुटतात."

"काका, शुभ बोला!"

"एखादा पूल वगैरे बंद असेल..."

"पूल चालू आहे, काका!"

मास्तरांनी आयुष्यात गाड्या वेळेवर याव्यात म्हणून किती आटापिटा केला होता, ते आठवून त्यांना स्वतःचाच राग आला.

रांग पुढे सरकली. ते एक वर्तुळ पुढे गेले, बाई एक वर्तुळ पुढे गेल्या. अंतर तेवढंच.

"म्हणजे उद्या नाही," मास्तर हळू आवाजात म्हणाले.

"उद्या नाही," बाई म्हणाल्या. मग पिशवी उलगडत, "औषधाच्या दुकानापुढे अजून रांग असते म्हणतात."

"मला तर काही झालेलं नाही."

"असं कसं? इतके दिवस उभे राहताय. गुडघे दुखत असतील की."

"फार दुखतात," मास्तर तत्काळ म्हणाले. "उजवा तर असह्य."

"मग मलम लागेल."

"लागेलच. छोटी डबी घेईन. म्हणजे लवकर संपेल."

बाईंनी पुडा घेतला आणि निघाल्या. मास्तरांनी आपला पुडा घेतला आणि सुटे परत घ्यायचे विसरून त्यांच्या मागोमाग निघाले. कोपऱ्यावर वळल्यावर बाई थांबल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ना शिट्टी, ना वर्तुळ. मास्तर जवळ गेले, अगदी जवळ, आणि मघाची ती बट त्यांनी हलकेच कानामागे सारली. बाईंनी हात झटकला नाही. त्यांनी मास्क हनुवटीवर ओढला, मास्तरांच्या डोळ्यांत पाहिलं आणि कुजबुजल्या:

"मी पुढे होते, तुम्ही जरा वेळाने वर या. आणि अहो, आज हॉलमध्ये तेवढं कुशीवर झोपा. तुमचं घोरणं नातीच्या नि माझ्या खोलीपर्यंत येतं, आणि सकाळी सूनबाई मलाच म्हणते, 'आई, बाबांना सांगा ना.'"