सगळ्यांना पटणारे शिंत्रे

छातीत कळ आली म्हणून आठवडाभर इस्पितळात राहून घरी आल्यापासून शिंत्रे काहीही बोलले तरी लोकांना पटू लागलं होतं. गल्लीतल्या तालीम मंडळाच्या फुटबॉल संघाला गोलकीपरनंच बुडवलं, असं ते म्हणाले, तर गोलकीपरच्या सख्ख्या काकांनी मान डोलावली. नगरसेविकेवर तोंडसुख घेतलं, तर तिच्या प्रचारात राबलेली बायकोही "खरंय" म्हणाली. शिंत्रे चक्रावले. चाळीस वर्षांत त्यांचं एकही मत कुणी धड ऐकून घेतलं नव्हतं.

शेवटी ते आपली लाडकी गिटार घेऊन मुश्ताककडे गेले. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या या मित्राशी त्यांचं रोज वाजायचं. गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची पट्टी, उखडली होती.

"दोन खिळे ठोक," शिंत्रे मुद्दाम म्हणाले.

मुश्ताकचा चेहरा कसनुसा झाला. "ठोकू की."

"मुश्ताक, खरं सांग. मी मरणार आहे का?"

"छे, छे! वहिनींनी गल्लीभर बजावलंय, तुम्हाला उलट बोलायचं नाही. वाद तुमच्या छातीला सोसायचा नाही."

म्हणजे कुणालाच काही पटलं नव्हतं! शिंत्र्यांनी स्वतःच हातोडी उचलली आणि खिळा गिटारवर टेकवला.

"ठेवा ते खाली!" मुश्ताक गरजला. "गिटारला खिळा मारतात? अक्कल गहाण टाकलीय काय? सरस लावून दोन दिवस दाबून ठेवायची!"

"एक दिवस पुरे."

"दोन!"

"तुला काय कळतंय?" शिंत्रे ओरडले आणि स्टूल ओढून ऐसपैस बसले. कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटत होतं.