जाणारा माल

विमानतळावरून येत्या काही आठवड्यांत किती माल येईल-जाईल, याचा अंदाज बांधणं हे त्याचं काम. या खेपेला आकडा दुपटीवर गेला तसे साहेब खूश झाले. पण येणारा माल होता तेवढाच होता, वाढला होता तो नुसता जाणारा. त्याला चैन पडेना. तो स्वतःच गोदामात गेला, तर पलंग, फ्रिज, पाळणे छतापर्यंत रचलेले.

"कुणाची बिऱ्हाडं ही?"

"धरणावरच्या इंजिनिअर लोकांची," हमाल म्हणाला. "सगळ्यांची एकदम बदली झालीय म्हणे."

त्याने तडक नदीकाठच्या आपल्या घरी फोन लावला.

"अहो, शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला!" बायको हसली. "आत्ताच तुमचं नाव निघालं होतं. धरणावरच्या वहिनी निरोप घ्यायला आल्यात.



विचारतायत, आपल्या पोरांना पोहता येतं का?"