तपासणीचा कोट

"झालं. पास," तपासनीस म्हणाला आणि त्याने शिक्का उचलला.

त्याच्या यंत्राची नळी अजून गाडीच्या मागच्या नळकांड्यातच होती. पडद्यावरचे आकडे अगदी तळाशी गप्प बसले होते. एवढं दणकट इंजिन आणि धूर इतका स्वच्छ, याचं त्याला जरासुद्धा नवल वाटलं नाही. स्टिअरिंगमागे बसलेल्या तिला तेच खटकलं.

"काका, एकदा खाली उतरून बघा ना."

"कशाला? उस्तादांच्या गॅरेजची गाडी म्हटल्यावर मला कळत नाही का काय ते?" तो मायेने हसला. "कोट छान बसलाय हो."

तिची कानशिलं तापली. शेजारच्या सीटवर उस्ताद बसले होते, तिचे वडील. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

पूर्वी फोटो काढणाऱ्याच्या दुकानात एक काळा कोट असायचा. ज्याला फोटो काढायचा त्याने तो अंगात चढवायचा, मान ताठ करायची आणि फोटो झाला की पुन्हा खुंटीला लावायचा. त्या काळचे फोटो नीट पाहिले तर अख्ख्या गावाचे नवरदेव एकाच कोटात दिसतील. उस्तादांच्या गॅरेजमध्ये तसाच एक सायलेन्सर होता. कंपनीतून आलेला, आतली विषारी धूर गाळणारी जाळी शाबूत असलेला. गाडी सुसाट पळावी म्हणून हौशी लोकांनी आपापल्या जाळ्या कधीच काढून फेकल्या होत्या. तपासणीपुरता हा सायलेन्सर पट्ट्यांनी आवळून बसवायचा आणि कागद हातात पडला की काढून पुढच्याला द्यायचा. त्याला सगळे कोटच म्हणत. तपासनीससुद्धा.

"हा कोट नाहीये," ती म्हणाली. "ही जाळी याच गाडीची आहे. इंजिनातला एकूण एक बदल मी मंजूर करून घेतलाय."

"बरं बाई, नाहीये. मी कुठे काय म्हटलं?"

ती खाली उतरली. दार असं आपटलं की आत उस्ताद दचकले.

"उद्या मी गॅरेजवर माझी पाटी लावतेय. नियमात बसणाऱ्या वेगवान गाड्या करून मिळतील, अशी. आणि माझ्या पहिल्याच गाडीला तुम्ही डोळे मिटून पास करताय? मग माझ्यात आणि त्या कोटवाल्यांत फरक काय राहिला?"

"नापास केलं म्हणून भांडणारे रोज येतात," तपासनीस रांगेकडे बघत म्हणाला. "पास केलं म्हणून भांडणारी तू पहिलीच."

रांगेत हशा पिकला. मागच्या पिवळ्या गाडीवाल्याने हॉर्न दाबून धरला. त्याची गाडी नुसती उभी होती, तरी केंद्राच्या छपराचे पत्रे थरथरत होते. त्याने डोकं बाहेर काढलं.

"ताई, पास झालीस ना? मग घे की गाडी बाजूला! तो कोट काढून दे पटकन, मला बसवायला वेळ लागतो."

"कुठला कोट?"

"आता हे बघा! गॅरेजला कुलूप दिसलं, म्हणजे कोट इकडेच आलाय, एवढं कळतं मला. उस्ताद, आज माझी पाळी आहे, सांगा हिला."

उस्तादांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

तिने किल्ली काढून खिशात घातली. मग तपासनीसाकडे वळून गाडीखालच्या चौकोनी खड्ड्याकडे बोट दाखवलं.

"आधी खड्ड्यात जा तुम्ही!"

रांग पुन्हा हसली. तिच्या किंवा तपासनीसाच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं.

"साध्या माणसाकडे निदान संशयाने तरी बघतात," ती म्हणाली. आवाज चिरकला तशी ती आणखी चिडली. "तुम्ही मला चोर समजून वर माफही करून टाकलंत. बघा, नाहीतर शिक्का मारू नका. गाडी इथून हलणार नाही."

तपासनीसाने आपल्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि टॉर्च घेऊन पायऱ्या उतरला. आधी पुटपुटणं ऐकू आलं. मग लोखंडावर टकटक. मग काहीच नाही.

तो वर आला तेव्हा त्याच्या बाहीवर ग्रीसचा पट्टा होता. बोलला तो तिच्याशी नव्हे, उस्तादांशी.

"सांधा पक्का आहे. पट्ट्यांची खूणसुद्धा नाही. खरीच आहे हो, उस्ताद." कुणी आपल्याला फसवलं असावं, तसा त्याचा चेहरा झाला होता.

"आता मारा शिक्का," ती म्हणाली.

त्याने शिक्का मारला. तिने कागद घेतला, घडी न घालता समोरच्या काचेपाशी ठेवला आणि गाडीत बसली.

पिवळा गाडीवाला धावत उस्तादांच्या खिडकीशी आला. "मग कोट कुठंय? उस्ताद, माझी मुदत आज संपतेय! गाडी उचलून नेतील माझी!"

तिचा हात किल्लीवरच थांबला. सकाळी गॅरेज बंद करताना कोट खुंटीला लटकत होता. उस्तादांनीच तो रात्री पुसून, पट्ट्यांना तेल लावून ठेवला होता. तिने पाहिलं होतं आणि एक शब्द न बोलता शटर खाली ओढलं होतं. आताही तिने वडिलांकडे बघितलं नाही.

उस्तादांनी काच थोडी खाली केली.

"फाटला," ते म्हणाले आणि काच वर घेतली.